१२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत 'कवटी दिसत नाही' म्हणजे नेमकं काय?

प्रोबवाली

नमस्कार मंडळी. मी नाशकात सोनोग्राफी करते. कुठे ते विचारू नका, जाहिरातीसाठी धागा काढलेला नाही.

गरोदरपणाच्या धाग्यावर एकीने विचारलं होतं: "रिपोर्टमध्ये अक्रेनिया लिहिलंय. म्हणजे फक्त कवटीचं हाड नाही ना? मेंदू तर दिसतोय म्हणाले. मग हाड नंतर येईल का? जन्मल्यावर प्लेट बसवता येते का?" तिला मिळालेल्या उत्तरांपैकी निम्मी धीर देणारी होती, आणि धीर देण्याच्या नादात साफ चुकीची. "माझ्या मावसबहिणीचंही असंच सांगितलं होतं, नंतर सगळं नॉर्मल निघालं" वगैरे. म्हणून हा वेगळा धागा.

हाड नंतर येत नाही. मुळात दुखणं हाडाचं नाहीच, हाडाची पाळी सगळ्यात शेवटी येते. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीकडे पेशींची एक पट्टी जाड होते. तिच्या कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात, चिकटतात आणि नळी तयार होते. हीच न्यूरल ट्यूब. मेंदू आणि मज्जारज्जू दोन्ही हिच्यातूनच. डोक्याकडचं तोंड साधारण २५व्या दिवशी मिटतं, कमरेकडचं २८व्या दिवसापर्यंत. नळी मिटली की वरची त्वचा तिच्यापासून सुटी होते, दोन्हींच्या मधे पेशींचा एक थर शिरतो आणि कवटीचं छत त्या थरातून घडतं. नळी उघडीच राहिली तर त्या थराला शिरायला जागा नाही, मग छत घडणार कुठून?

हे दिवस गर्भधारणेपासूनचे. पाळीच्या तारखेपासून मोजलं तर सहा आठवडे. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. कित्येक जणींनी तोवर किटसुद्धा आणलेलं नसतं. पुढे तिने काय खाल्लं, कुठे प्रवास केला, जिना किती वेळा चढली, यातल्या कशानेही मिटलेली नळी उघडत नाही. (फार क्वचित मिटलेली नळी पुन्हा फुटते असा एक जुना सिद्धांत आहे, पण त्यातही जिन्याचा दोष नाही.)

आता पडद्यावर काय दिसतं ते. कवटीच्या हाडात कॅल्शियम भरून ते ठळक दिसायला ११-१२ आठवडे जावे लागतात. त्यामुळे ९व्या आठवड्याच्या स्कॅनवर कोणी कवटीबद्दल निकाल देऊ नये आणि घेऊही नये. ११ ते १४ आठवड्यांच्या एनटी स्कॅनला आडव्या छेदात डोक्याभोवती पांढरीशुभ्र अंडाकृती रेघ दिसायला हवी. अक्रेनियात ती नसते. डोळ्यांच्या खोबण्या दिसतात, त्यांच्या वर कपाळ नाही, थेट ओबडधोबड कडांचं मऊ ऊतक दोन बाजूंना पसरलेलं. ते उघडं पडलेलं ऊतक गर्भजलात विरत जातं, कधीकधी पाणीही गढूळ दिसतं. काही आठवड्यांनी तेही उरत नाही आणि रिपोर्टवर अ‍ॅनेन्सेफली (मोठा मेंदू आणि कवटीचं छत नसणं) येतं. पहिल्या सेंटरने अक्रेनिया लिहिलं आणि दुसऱ्याने अ‍ॅनेन्सेफली, म्हणून दोघांत मतभेद आहेत असं समजून तिसरीकडे धावू नका. एकाच प्रवासातले हे टप्पे आहेत.

सगळ्यात अवघड भाग वेगळाच. तेव्हा हृदयाचे ठोके व्यवस्थित असतात. हात-पाय जोरात हलत असतात. नवरा भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत विचारतो, "हलतंय ना मॅडम? मग चांगलंय ना?" ठोके आणि ती हालचाल यांना मोठ्या मेंदूची गरज नसते, हे त्या क्षणी कोणाला कसं सांगायचं याची तालीम कुठल्याच कॉलेजात होत नाही. ही बाळं पोटातच दगावतात, नाहीतर जन्मानंतर बहुधा काही तासांत, फार तर काही दिवसांत जातात. शस्त्रक्रिया नाही, प्लेट नाही.

पण न्यूरल ट्यूबचा प्रत्येक दोष असा नसतो. छत बनलंय पण एका जागी भोक राहिलंय आणि त्यातून मेंदूची आवरणं, कधी मेंदूचा भागही पिशवीसारखा बाहेर आलाय, तर तो एन्सेफॅलोसील. बहुतेक वेळा डोक्याच्या मागच्या बाजूला. आग्नेय आशियात मात्र नाकाच्या मुळाशी, कपाळाच्या खाली जास्त सापडतो. पिशवीत काय आहे यावर भवितव्य ठरतं. नुसतं पाणी आणि आवरण असेल तर शस्त्रक्रियेनंतर मूल चांगलं वाढू शकतं.

आणि दोष खाली कमरेत असेल, म्हणजे स्पायना बायफिडा, तरी पुरावा डोक्यात मिळतो! १९८६ साली लंडनच्या निकोलायडीस आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये हे मांडलं. कपाळाची हाडं दोन्ही बाजूंनी आत दबलेली दिसतात, तिला लेमन साइन म्हणतात. मागचा छोटा मेंदू वाकून खाली ओढलेला दिसतो, ती बनाना साइन. कारण सरळ आहे. पाठीच्या उघड्या भागातून मेंदूभोवतीचं पाणी गळत राहतं, आतला दाब कमी पडतो, कोवळी हाडं आत ओढली जातात, आणि कवटीचा मागचा कप्पा फुगायला हवा तेवढा फुगत नाही. पाठीतलं भोक दोन-तीन मिलिमीटरचं असेल आणि बाळ पाठ टेकून झोपलेलं असेल तर ते सुटू शकतं. डोकं मात्र प्रत्येक स्कॅनला मापायचंच असतं.

लेमन साइन दिसली म्हणजे स्पायना बायफिडा असेलच असं नाही, १-२ टक्के निरोगी बाळांतही ती दिसते. आणि २४ आठवड्यांनंतर ती बऱ्याचदा नाहीशी होते. त्यामुळे एका शब्दावर गूगल करून रात्र काढू नका, दुसऱ्या दिवशी पाठ नीट बघून घ्या.

प्रश्न विचारा. रिपोर्टचे फोटो टाकू नका.

---

कच्चीकैरी

वाचनखूण साठवली. मॅडम, एनटी स्कॅन म्हणजे डाउन सिंड्रोमसाठीच असतो असं मला वाटायचं. आमच्या डॉक्टरांनी "करायचा तर करा" असं म्हटलं होतं.

---

प्रोबवाली

मानेमागच्या पाण्याचं माप हा त्यातला एक भाग. कवटी आहे का, पोटाची भिंत मिटलीय का, हातपाय चारही आहेत का, हे सगळं त्याच बैठकीत बघतात. अ‍ॅनेन्सेफली तर याच स्कॅनला जवळजवळ नेहमी पकडली जाते. "करायचा तर करा" या वर्गातला हा स्कॅन नाही.

---

ओझरकर

आमच्या घरी हेच झालं. मागच्या वर्षी. टीव्हीकडे बघून "हलतंय ना" विचारणारा मीच, असं वाचताना वाटलं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते सांगतो. आई म्हणाली, ग्रहणात ही भाजी चिरत बसली होती. मामा म्हणाले, त्र्यंबकला नारायण नागबळी करून घ्या, पितृदोष आहे. सासरवाडीकडून आलं की आमच्याकडच्या पाण्यात काहीतरी आहे. बायको दोन महिने कोणाशी बोलत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, "असं होतं कधीकधी, पुढच्या वेळी होणार नाही." एवढंच. पुढच्या वेळी होणार नाही हे त्यांना कसं माहीत?

त्या सुरुवातीच्या दिवसांत तिला सणसणीत ताप आला होता, तीन दिवस. त्याने झालं असेल का?

---

प्रोबवाली

ओझरकर दादा, वाईट वाटलं वाचून.

तापाचं: पहिल्या काही आठवड्यांत जास्त ताप येणं आणि हे दोष यांचा संबंध अभ्यासांमध्ये दिसलेला आहे. पण ताप येऊन गेलेल्या बहुसंख्य बायकांची बाळं व्यवस्थित असतात. तुमच्या बाबतीत त्यानेच झालं असं कोणालाच सांगता येणार नाही, आणि हे वाचून घरात आता "ताप अंगावर काढलास म्हणून" सुरू होऊ देऊ नका.

"पुढच्या वेळी होणार नाही" हे चूक. एक बाळ असं झालं असेल तर पुढच्या खेपेला शक्यता साधारण २ ते ५ टक्के असते, म्हणजे इतरांपेक्षा बरीच जास्त. दुसऱ्या बाजूने बघा, शंभरात पंच्याण्णवहून जास्त वेळा होत नाही. आणि जी शक्यता आहे ती कमी करता येते. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीचे निष्कर्ष आले. आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पुढच्याच वर्षी हंगेरीतून, आधी असं काहीच न झालेल्या बायकांमध्येही फायदा दिसल्याची चाचणी आली.

---

आक्का_पंचवटी

ग्रहण पाळण्यात नुकसान काय गं बाई? आमच्या वेळी सगळ्या पाळत होतो. चार तास गप्प बसलं तर कोणाचं काय जातंय? आता सगळंच थोतांड म्हणायची फॅशन झालीये. नागबळीने मनाला शांती मिळते, त्याचं काय?

---

प्रोबवाली

आक्का, शांतीसाठी तीन दिवस त्र्यंबकला जाऊन या की, मी कशाला अडवू. पण हिशेब एकदा मांडून बघा. बहुतेक वेळा पोट दिसायला लागल्यावर घरातले ग्रहण पाळायला लावतात. नळी मिटलेली असते त्याच्या कितीतरी आधी. चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाने कवटी जात नाही, कारण तेव्हा कवटी असते तरी किंवा नसते तरी.

आणि नुकसान म्हणाल तर, गरोदर बाईला तासन् तास पाण्याचा घोट न देता बसवतात, हे एक. दुसरं ओझरकरांनी वर लिहिलंच आहे.

---

आक्का_पंचवटी

पाणी द्यावं, ते मलाही पटतं. बाकी राहू दे.

---

फॉर्मॅलिन

धागा उत्तम. मी शरीररचना शिकवतो, त्यामुळे हात शिवशिवतायत. प्रोबवालींच्या एका वाक्याला आक्षेप: "दुखणं हाडाचं नाहीच."

आमच्या विभागाच्या संग्रहात अ‍ॅनेन्सेफलीचा एक जुना नमुना आहे, अलिझरिनने रंगवलेला. ही पद्धत फार सुंदर असते. ऊतक पोटॅशने पारदर्शक करतात, अलिझरिन फक्त कॅल्शियम भरलेल्या हाडाला धरतं, आणि ग्लिसरीनच्या बरणीत लालजर्द सांगाडा तरंगताना दिसतो. नेहमीच्या गर्भात डोक्याच्या दोन्ही बाजूंना पॅरायटल हाडाचं मधोमध दाट आणि कडेला विरळ होत गेलेलं लाल जाळं असतं. या नमुन्यात ते जवळजवळ नाहीच. पुढच्या फ्रंटल हाडाचा फक्त डोळ्यांच्या वरचा तुकडा आहे, कपाळाचा भाग नखाएवढाही नाही. मागचं ऑक्सिपिटल हाड मधोमध फाकून दोन्हीकडे गेलेलं. आणि मानेच्या मणक्यांच्या कमानीसुद्धा पसरून उघड्या राहिलेल्या.

इथपर्यंत प्रोबवालींचं म्हणणं बसतं, छत झाकायला काही नव्हतं म्हणून छत नाही. पण खाली बघा. कवटीचा तळ पडद्यासारख्या थरातून बनत नाही, तो आधी कूर्चेचा बनतो आणि मग हाडाचा होतो. तिथे काही बिघडायला नको. तरी बिघडलेलं असतं! तळ आखूड आणि अरुंद, तळातल्या स्फेनॉइड हाडाचे पंख पसरण्याऐवजी अंगाशी ओढून घेतलेले, डोळ्यांच्या खोबण्या उथळ. या बाळांचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात ते त्यामुळेच, डोळा मोठा नसतो, खोबण लहान असते.

मिगेल मारिन-पादिया यांनी १९६५मध्ये मानवी गर्भांच्या अशा कवट्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि पुढे हॅमस्टरला जीवनसत्त्व अ जास्त देऊन असेच दोष घडवून दाखवले. त्यांचं म्हणणं असं की, मूळ कमतरता हाड बनवणाऱ्या मधल्या थरातच आहे, त्यामुळे नळीच्या कडांना आधार मिळत नाही आणि त्या उचलल्या जात नाहीत. म्हणजे कोंबडी आधी की अंडं. विद्यार्थ्यांना मी दोन्ही बाजू सांगतो.

---

प्रोबवाली

सर, मान्य, "नाहीच" हा शब्द सोनोग्राफीच्या टेबलावरचा आहे. तिथे एका वाक्यात सांगावं लागतं. पण मेंदूच वाढला नाही म्हणून तळावरचा ताण-दाब बदलला आणि तळ आखूड राहिला, असंही मांडता येतंच की. कवटीचा तळ मेंदूच्या वाढीबरोबरच ताणला जातो.

---

फॉर्मॅलिन

मांडता येतं. पण मग लहान वयाच्या, मेंदूचं ऊतक अजून बऱ्यापैकी शिल्लक असलेल्या गर्भातही तळ बदललेला का सापडतो? तसं असेल तर दोन्ही एकत्रच सुरू होत असावं. मी कुठल्याच बाजूला शपथ घ्यायला तयार नाही.

अवांतर: स्पायना बायफिडाच्या नवजात बाळाच्या एक्स-रेमध्ये कवटीत विरळ ठिपक्या-ठिपक्यांची जाळी दिसते. तिचं जर्मन नाव ल्यूकेनशेडल. पालक ते बघून हादरतात. डोक्यात दाब वाढल्याने ते होतं असा समज आहे, पण तसं नाही, तो पडद्यातून हाड बनण्याच्या प्रक्रियेतलाच दोष आहे. साधारण सहा महिन्यांत आपोआप भरून येतो.

---

शंटवाली_आई

ही जाळी आमच्या एक्स-रेत होती! तेव्हा कोणी एवढं सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. स्पायना बायफिडा, कमरेत. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी पाठ मिटवली, पंधरवड्यात डोक्यात शंट (साचलेलं पाणी काढून देणारी नळी) बसवला. पायात कॅलिपर घालून चालतो, लघवीसाठी दिवसातून ठरलेल्या वेळी कॅथेटर लागतं, आता स्वतः घालायला शिकलाय. गणितात वर्गात पहिल्या पाचांत. शाळेत रॅम्प बसवून घ्यायला दीड वर्ष भांडले, शाळेचं नाव घेत नाही.

मला एवढंच म्हणायचंय की धाग्याचं शीर्षक वाचून सगळे एनटीडी, म्हणजे न्यूरल ट्यूबचे दोष, एकाच टोपलीत टाकू नका. पाचव्या महिन्याच्या स्कॅनला आम्हाला "मेंदूत पाणी आहे, मूल जगणार नाही, लवकर ठरवा" एवढंच सांगितलं. स्पायना बायफिडा हा शब्द कोणी उच्चारलाही नाही. पुढे काय काय असू शकतं हे कळलं असतं तर निर्णय काहीही घेतला असता, पण समजून घेतला असता.

---

प्रोबवाली

ताई, तुमच्या प्रतिसादासाठी धन्यवाद. अगदी बरोबर. अ‍ॅनेन्सेफली आणि कमरेतला स्पायना बायफिडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात छिद्र किती वर आहे, पाय हलतात का, मेंदूत पाणी किती, हे बघून सांगावं लागतं, आणि ते सांगताना बालशल्यविशारद किंवा न्यूरोसर्जनशी एकदा भेट घालून द्यायला हवी. २०११ साली अमेरिकेतल्या मॉम्स चाचणीत पोटात असतानाच, २६ आठवड्यांच्या आत पाठ मिटवल्यावर शंटची गरज कमी झाल्याचं दिसलं. आईला धोकेही आहेत, मुदतपूर्व बाळंतपण हा मोठा. तरी असा पर्याय जगात आहे हे निदान कानावर तरी पडायला हवं.

---

द्राक्षबागी

निफाड तालुक्यातून लिहितोय. गोडी छाटणी झाली की डाऊनी-भुरी या बुरशीरोगांसाठी आमच्याकडे जवळपास रोज फवारणीचा ब्लोअर फिरतो. बायका डिपिंगला (घड औषधात बुडवायला), विरळणीला बागेतच असतात. आमच्या वस्तीवर गेल्या काही वर्षांत अशा दोन केसेस ऐकल्या. फवारणीचा संबंध आहे का? स्पष्ट सांगा, मला राग येणार नाही.

---

प्रोबवाली

स्पष्टच सांगते. कीटकनाशकं आणि न्यूरल ट्यूबचे दोष यांवर अभ्यास झालेत. काहींत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. वस्तीवरच्या दोन केसेसवरून काही ठरत नाही, कारण आपल्या देशात हे दोष मुळात कमी नाहीत, हजार जन्मांमागे साधारण चार असा अंदाज आहे. पण काळजी घ्यायला सिद्धतेची वाट बघायची गरज नाही. दिवस राहावेत असं ठरवलं असेल तर औषध कालवणं, टाकी भरणं, फवारणीचे कपडे धुणं हे तिच्याकडे नको. ब्लोअर फिरल्याबरोबर बागेत शिरणं नको. हे सहा आठवड्यांनी सुरू करून उपयोग नाही, आधीपासून.

---

सिन्नरची_सून

मला फिट्सचा त्रास आहे. व्हॅल्प्रोएट चालू आहे. लग्नाला वर्ष झालं, आता बाळाचा विचार चाललाय. हे वाचून गोळी उद्यापासून बंद करू का? गोळ्यांबद्दल सासरी माहीत नाही.

---

प्रोबवाली

अजिबात बंद करू नका! अचानक बंद केल्यावर येणारी फिट तुमच्या जिवावर बेतू शकते.

पण व्हॅल्प्रोएटने स्पायना बायफिडाचा धोका खरंच वाढतो, १ ते २ टक्क्यांपर्यंत, आणि बाळाच्या बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. म्हणून दिवस राहण्याच्या *आधी* न्यूरोलॉजिस्टना भेटा, दुसऱ्या औषधावर हळूहळू नेता येतं का ते ठरवतील. तोवर गर्भनिरोधक वापरा. फॉलिक अ‍ॅसिडचा मोठा डोस तुम्हाला लागेल, तोही त्यांना विचारा. सासरी सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण नवऱ्याला बरोबर घेऊन जा.

---

कच्चीकैरी

मी रोज पालकाची स्मूदी, मेथी, चवळीची पालेभाजी, मोड आलेले मूग खाते. तरी गोळी लागेल? आणि मला एका ठिकाणी एमटीएचएफआर नावाच्या जनुकाची टेस्ट करायला सांगितली, पॉझिटिव्ह आली तर साधं फॉलिक अ‍ॅसिड चालत नाही म्हणे, महागडं मिथाइलफोलेटच घ्यावं लागतं.

---

सुईदोरा

कैरी, भाजीतलं फोलेट शिजवताना बरंच जातं, शिवाय अंगी लागण्याचं प्रमाण गोळीतल्यापेक्षा कमी. भाजी खाच, पण गोळीला पर्याय नाही. ४०० मायक्रोग्रॅम रोज, गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून ते तीन महिने पूर्ण होईपर्यंत. एमटीएचएफआरचा तो प्रकार असलेल्यांनाही साध्या फॉलिक अ‍ॅसिडचा उपयोग होतो, आणि न्यूरल ट्यूबचे दोष टळतात हे चाचण्यांत सिद्ध झालंय ते साध्याचंच. टेस्टचे पैसे वाचव. त्यापेक्षा बी१२ तपास, शाकाहारी आहेस ना? बी१२ कमी असणं हाही वेगळा धोका आहे.

(फार्मासिस्ट आहे. दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते म्हणून कोणी स्वतःच्या मनाने तीच सुरू करू नका. ती आधी असं बाळ झालेल्यांसाठी, फिट्सच्या काही औषधांवर असलेल्यांसाठी, डॉक्टरांनी लिहून दिली तर.)

---

पेठची_आशा

मी पेठ तालुक्यात काम करते. आमच्याकडे नोंदणीच तिसऱ्या महिन्यात होते, पहिलटकरणी तर लाजून सांगतच नाहीत. तोवर गोळीचा काय उपयोग ते वर वाचलंच. किशोरवयीन मुलींना आणि नव्या सुनांना आठवड्याची लोहाची गोळी देतो, त्यात फॉलिक असतं. पण ती खाऊन शी काळी होते, मळमळतं म्हणून शेतात टाकून देतात.

आणखी एक. रेशनच्या तांदळात ते वेगळे दाणे येतात ना, पोषणाचे, ते बायका निवडून फेकतात. "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणतात. पाण्यात तरंगतात म्हणून. किती सांगायचं?

---

सुईदोरा

ताई, तुमच्या कामाला सलाम. त्या दाण्यांत लोह, फॉलिक आणि बी१२ असतं, शंभर दाण्यांत एक मिसळतात. फेकू नयेत. पण त्यावर विसंबूनही चालणार नाही. नियमाप्रमाणे किलोभर तांदळात फॉलिक ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. दिवसाला पाव किलो तांदळाचा भात खाल्ला तरी फार तर ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. कुठे ४०० आणि कुठे ३०. अमेरिकेने १९९८पासून पिठात सक्तीने घातलं, शंभर ग्रॅमला १४० मायक्रोग्रॅम, आणि तिथे हे दोष कमी झाले. आपल्याकडे भाकरीचं पीठ गिरणीत दळून येतं, तिथे कोण घालणार?

---

वडाळा_नाका

गर्भपाताच्या कायद्याचं कोणी सांगेल का? माझ्या ओळखीत सहावा महिना उलटल्यावर कळलं. हॉस्पिटलने "२४ आठवडे झाले, आता कोर्टात जा" म्हणून परत पाठवलं.

---

प्रोबवाली

२०२१च्या सुधारणेनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांची मर्यादा लागू नाही. मात्र निर्णय मेडिकल बोर्डाने द्यायचा. नियमांत बोर्डाला मत देण्यासाठी तीन दिवस आणि मंजुरी मिळाल्यास पुढची प्रक्रिया अर्ज आल्यापासून पाच दिवसांत, अशी मुदत आहे. नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. थेट कोर्टाची पायरी चढायची गरज नाही, आधी जिल्हा रुग्णालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

---

संपादक

एका प्रतिसादात संपूर्ण रिपोर्ट, नाव आणि फोन नंबरसकट टाकला होता, तो उडवला आहे. 'गर्भसंस्कार वर्गाची लिंक'ही उडवली आहे. चर्चा चालू द्या.

---

ओझरकर

शेवटचं विचारतो. आम्ही पुन्हा विचार करतोय. आधी काय काय करायचं? आणि त्या वेळी "पोस्टमॉर्टेम करणार का" असं विचारलं होतं, आम्ही नाही म्हणालो. त्याने काही अडतं का?

---

प्रोबवाली

अडत नाही, पण केलं असतं तर थोडी मदत झाली असती, आणि इतर वाचणाऱ्यांसाठी हे लिहिते. सगळ्या उघड्या कवट्या एकाच कारणाच्या नसतात. गर्भपिशवीच्या पडद्याचे धागे डोक्याला गुंडाळून कवटी वेडीवाकडी, एकाच बाजूने गेली असेल तर तो न्यूरल ट्यूबचा दोष नाही, आणि पुन्हा होण्याची शक्यता अगदी कमी. उलट मागे एन्सेफॅलोसील, मूत्रपिंडात फोड आणि हातापायाला जास्तीची बोटं असं तिन्ही एकत्र असेल तर मेकेल-ग्रूबर. तो दोघांकडून येणारा आनुवंशिक आजार, प्रत्येक खेपेला २५ टक्के. वरून दोन्हीकडे "डोक्यात दोष" एवढंच लिहिलेलं असतं. पूर्ण शवविच्छेदन नको असेल तर बाहेरून तपासणी, फोटो, एक्स-रे आणि जनुकीय तपासणीसाठी नमुना एवढ्यानेही बरंच कळतं.

तुमच्याकडे तेव्हाचा रिपोर्ट आणि फोटो असतील, ते शोधून ठेवा. पुढची पावलं: स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून फॉलिकचा मोठा डोस दिवस राहण्याच्या आधी निदान एक महिना, जमल्यास तीन महिने. बायकोची साखर, बी१२, थायरॉइड तपासा. मधुमेह असेल तर आधी आटोक्यात. वजन जास्त असेल तर तेही बघा. दिवस राहिले की पहिल्याच भेटीत "मागच्या वेळी असं झालं होतं" हे सांगा, मनात ठेवू नका. १२ आठवडे पूर्ण झाले की एनटी स्कॅन. रक्तातल्या अल्फा-फिटोप्रोटीनची तपासणी १६ ते १८ आठवड्यांत. अ‍ॅनॉमली स्कॅन १८ ते २०.

आणि १२ आठवड्यांच्या स्कॅनला आईंनाही बरोबर आणा. फॉर्म वगैरे भरून झाले की आत बोलवायला सांगा, बरीचशी सेंटर एका नातेवाइकाला परवानगी देतात. कपाळाची पांढरी रेघ मी पडद्यावर बोट ठेवून दाखवते सगळ्यांना.

---

ओझरकर

आईला दाखवला धागा. ती म्हणते येईन, पण दुपारी दोननंतरची वेळ घ्या.